आत्याची तपकिरी रेघ

कोमल, वय आठ, इयत्ता तिसरी. शाळा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, हजेरी चालू असताना तिला वर्गातून उठवून बाहेर व्हरांड्यात पोत्यावर बसवण्यात आलं. कारण असं सांगितलं की हिची कातडी सुटते, केस तुटतात, बाकीच्या पोरांना लागण होईल. गाव आष्टी तालुक्यातलं आहे. नाव लिहीत नाही; लिहिलं तर बाकीची गावं सुटका झाल्यासारखी निवांत होतील. या प्रकरणात सगळ्यात जास्त आरडाओरडा मी केला आणि सगळ्यात जास्त काम माझ्या आत्यानं केलं. आत्या म्हणजे बीड जिल्ह्यातली एकमेव बाई, जी कुठलीच गोष्ट एकदा बघून खरी मानत नाही.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी कातडी आणि केसांची मुळं बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका देवदर्शनाला निघतात, ही एक जुना मायक्रोस्कोप आणि काचपट्ट्यांची खोकी घेऊन आष्टीला आली. जोडीला एक सवय आली, तिचं नाव 'कंट्रोल'. म्हणजे कशानं काय झालं हे सांगायचं असेल, तर ते न करता काय होतं तेही बघायचं. चहाला नवीन पावडर आणली की ही दोन कप करते, एक जुन्या पावडरीचा, आणि कुठला कोणता ते न सांगता पाहुण्याला दोन्ही प्यायला लावते. आमच्याकडे पाहुणे कमी येतात. एकदा तालुक्याचे एक पुढारी सभेत म्हणाले, "आम्ही जलपूजन केलं अन् तिसऱ्या दिवशी पाऊस पडला." आत्या पहिल्या रांगेतून उठून म्हणाली, "ज्या गावात तुम्ही गेला नाहीत तिथं किती पडला?" तेव्हापासून आमंत्रणं पण कमी येतात.

तिच्या स्वयंपाकघरात दोन कुकर आहेत. एकाच्या दांडीला लाल रंग फासलेला आहे, तो काचपट्ट्यांचा. त्यात ती कातडीचे पातळ काप चिकटवलेल्या काचा विशिष्ट पाण्यात उकळते, कारण त्याशिवाय आतली प्रथिनं तोंड दाखवत नाहीत म्हणे. माझ्या आईनं चुकून एकदा त्यात तुरीची डाळ लावली. आत्यानं आधी डाळ फेकली, मग कुकर फेकला (आत्ताचा लाल दांडीचा नवा आहे), आणि मग आईला विचारलं, "वहिनी, तुम्ही चव घेतली नाहीत ना?" आई म्हणते, एवढी काळजी तिनं आयुष्यात दुसऱ्यांदा केली नाही. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात बोटाच्या पेराएवढ्या रसायनांच्या नळ्या असतात, त्यामुळे आमच्या घरी बर्फ कुणाला मिळत नाही. लाईट गेली की आत्या लाईनमनला फोन लावते. तो बिचारा पहिल्या रिंगलाच म्हणतो, "मॅडम, ठावं हाय, तुमच्या नळ्या. आलोच बघा."

कोमलची आई ऊसतोडीला जाते. शाळेतून पोरीला उठवलं त्या आठवड्यात ती आत्याकडे आली, बीडच्या कातडीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीत स्वच्छ लिहिलं होतं की आजार जन्मजात आहे, संसर्गजन्य नाही. हेडमास्तर म्हणाले होते, "डॉक्टर काय, मागंल तसं लिहून देतेत. पक्का पुरावा आणा, बसवतो वर्गात." बाई म्हणाली, "म्याडम, दसरा झाला की आमची टोळी जाती. पोर वर्गात बसली तर चुलतीपाशी ठेवीन. न्हाई बसली तर न्यावं लागंल कोपीवर." कोपी म्हणजे फडाकडेची पाचटाची झोपडी. उसाचं पान धडधाकट माणसाचा हात कापतं. कोमलची कातडी तर नुसत्या फ्रॉकच्या शिवणीनं सोलते.

आत्यानं तिला समजावून सांगितलं ते असं. आपली कातडी रोज थोडी थोडी गळत असते. वरच्या जुन्या पेशींना एकमेकींपासून सोडवायला आत बारीक कोयते असतात, त्यांना प्रोटिएज म्हणतात. हे कोयते जास्त चालू नयेत म्हणून त्यांना आवरणारं एक प्रथिन असतं, म्हणजे मुकादमच. "कोमलच्या अंगात ते प्रथिन बनत नसावं. कोयते मोकाट सुटलेत. म्हणून कातडी सुटते, केसालाही बांबूसारख्या गाठी पडून तो मोडतो. दुसऱ्याला कसं लागेल ते?"

कोमलची आई विचार करून म्हणाली, "मुकादम नसल्यावर बरं चालाया पायजे हो, म्याडम. आमचं तर त्याच्यामुळंच बिघडतंय."

आत्यानं हे वहीत लिहून घेतलं. उदाहरण चुकलं की ती लिहून घेते.

पक्का पुरावा म्हणजे काय, तर ते आवरणारं प्रथिन तिच्या कातडीत नाही हे डोळ्यांना दाखवायचं. त्यासाठी लागते अँटिबॉडी. सशाच्या रक्तातून काढलेला हा पदार्थ हजारो प्रथिनांतलं नेमकं एकच ओळखतो आणि त्याला जाऊन चिकटतो. मग वरून रंग दिला की तेवढी जागा तपकिरी होते. निरोगी कातडीत वरच्या थराला आणि केसाच्या मुळाभोवती तपकिरी रेघ उमटते. कोमलच्या कातडीचा तुकडा डॉक्टरांनी तपासणीसाठी आधीच काढला होता, तो आईच्या सहीनं मिळाला. पण आत्याला कंट्रोल हवा होता, म्हणजे निरोगी कातडी, तीही केसासकट. ती बीडला डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "माझ्या कानामागचा तुकडा काढा."

"मॅडम, तुम्हाला काही झालेलं नाही."

"म्हणूनच काढा."

दोन टाके पडले. गावात बातमी अशी पसरली की मॅडमनी पोरीला स्वतःची कातडी दिली. चार बायका नारळ घेऊन आल्या. आत्यानं नारळ परत केले आणि चौघींना कंट्रोल समजावून सांगितला. त्या पुन्हा आल्या नाहीत.

अँटिबॉडी परदेशातून पुण्याला यायलाच दसरा उजाडला. पुण्याहून ती ट्रॅव्हल्सच्या गाडीनं मांजरसुंब्याला, ओळखीच्या ढाब्यावर उतरवायची ठरली (गाडी आष्टीत थांबत नाही) आणि आणायला मी गेले. इथून पुढचं मी जसं झालं तसं लिहिते. थर्माकोलचा भला मोठा खोका ढाबेवाल्या मामांनी माझ्यासमोर फोडला, खालून पाणी गळत होतं म्हणून. आत बर्फाच्या पिशव्या, पिशव्यांत डबी, डबीत नळी. मामांनी नळी उलटी केली, उन्हात धरली, हलवली. "ताई, तुमच्या आत्याला गंडिवलं की! एवढा खोका, अन् आत काईच न्हाई. वाटंतच प्याले का काय कुणी?"

नळीच्या तळाला खरंच एक थेंब होता, तोही नीट दिसत नव्हता. माझं डोकं फिरलं. मी नळी उन्हातल्या बाजेवर ठेवली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि तिथंच बसून ग्राहकांच्या लुबाडणुकीवर पत्रक लिहायला घेतलं. मथळा चांगला जमला होता. मामा शेजारी उभे राहून जोर देत होते, "लिवा, लिवा, सोडू नगा." पाऊण तास नळी बाजेवर तापत होती. शेवटी पत्रकात आकडा हवा म्हणून आत्याला फोन केला, की किती यायला हवं होतं.

"एक थेंब," आत्या म्हणाली. "कुठंय तो?"

मी सांगितलं. ती ओरडली नाही. "बर्फात ठेव. ये," एवढंच म्हणाली.

माझा समज असा की आता चटकन रंग देऊन बघायचं. आत्यानं नकार दिला. अँटिबॉडी उन्हानं मेली असेल तर कोमलची काच कोरी राहील. पण मेलेल्या अँटिबॉडीनं कुणाचीही काच कोरीच राहते. मग पुरावा कशाचा झाला? आधी तिच्या स्वतःच्या कातडीवर रेघ उमटायला हवी. थेंब पातळ करून वापरतात म्हणून पुरतो, पण काच रंगवायच्या एका खेपेला दोन दिवस लागतात. पहिल्या खेपेला लाईट सात तास गेली, वाटेतली तारच तुटली होती, लाईनमनचाही इलाज नव्हता, सगळं टाकून द्यावं लागलं. मी म्हटलं, "आत्या, टोळी निघायला आली. कोमलची काच कर ना नुसती. हेडमास्तरला काय कळतंय?"

"मला कळतं," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिच्या कातडीवर रेघ आली. फिकी, पण सलग, केसाच्या मुळाशीही. मग तिसऱ्या खेपेला दोघींच्या काचा एकाच कुकरात, त्याच थेंबातून केल्या: तिच्या काचेवर पुन्हा रेघ, कोमलची स्वच्छ कोरी. आत्यानं दोन्ही काचा चार-चारदा पाहिल्या, मग मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन आम्ही एसटीनं गावाला गेलो. हेडमास्तरांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "आहे की ओ फरक," ते म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हनलो? पालकच ऐकत न्हवते. उद्यापासून बसवा पोरीला."

शिपाई म्हणाला, "सर, ती टोळी काल सकाळीच गेली."

चार दिवस वाया गेले. त्यातले दोन लाईटीचे, आणि थेंब मेला का ते बघण्यात गेलेले दोन माझे आहेत, हे मी स्वतः कबूल करते. परत येताना एसटीत मी आत्याची माफी मागितली. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तुझं नाही गं. डॉक्टरची चिठ्ठी पुरे होती. त्यांनी पुरावा मागितला आणि मला किती बरं वाटलं. वाटलं, चला, करायला काम मिळालं. मी त्याच दिवशी वर्गाच्या दारात जाऊन बसायला हवं होतं." घरी आल्यावर तिनं व्हॅसलीनचे सहा डबे आणि लांब बाह्यांचे चार सुती सदरे बांधले आणि टोळीकडे निघालेल्या मुकादमाच्या भावाकडे दिले. आता दर रविवारी ती फोन लावते. कोमलची आई सांगते, हाताला जरा लागलंय, बाकी बरं हाय. कोमल फोनवर येते आणि सातचा पाढा म्हणून दाखवते. आत्या ऐकते, चुकलं तरी मध्ये बोलत नाही. दुसऱ्या कुणाला तिनं असं सोडलेलं मी पाहिलेलं नाही.

आता तुम्ही. तुमच्या गावच्या शाळेत जा. कुठलं पोर व्हरांड्यात, दाराशी नाहीतर वेगळ्या पोत्यावर बसवलंय ते बघा. त्याच्याकडे चिठ्ठी मागू नका, काच मागू नका, पुढच्या बैठकीची वाट बघू नका. त्याचं दप्तर उचला, त्याला आत न्या, आणि तुमच्या स्वतःच्या पोराला त्याच्या शेजारी बसवून मगच घरी या. उद्याच.