पोटात इंजिन असलेली गाडी

मला गाडीची भीती वाटते. अजूनही वाटते. नातवाची नवीकोरी गाडी दारात उभी राहिली तरी बसल्याबरोबर माझा हात आधी दाराची कडी चाचपतो. पोरं हसतात. हसू द्या. त्यांच्या देखत कुणी मेलेल्या माणसाची गाडी कापून तिची दुसरी गाडी केलेली नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. आम्ही मोताळ्याकडच्या एका खेड्यात राहायचो, रोहिणखेडच्या अलीकडे. आमचे हे ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. तेव्हा विहिरीवरच्या मोटा जाऊन इंजिनं यायला लागली होती आणि आसपास कुणाचंही इंजिन रुसलं की यांना बोलावणं यायचं. मळ्यातल्या विहिरीजवळ यांची टिनाची शेड होती, तिथंच सगळा पसारा. माणूस हाताचा फार गुणी, पण एकदा डोक्यात काही शिरलं की संपलं. मग जेवायला वाढलं तरी वरणात बोटानं चाकं काढत बसायचं.

डोक्यात शिरलं ते मलकापुरातून रद्दीत आलेल्या एका इंग्रजी मासिकानं. त्यात शर्यतीच्या गाडीचं चित्र होतं. जमिनीला पोट टेकल्यासारखी बुटकी गाडी, आणि तिचं इंजिन पुढं नाही, शेपटीलाही नाही, तर बसणाऱ्याच्या पाठीशी, मधोमध. हे मला समजावून सांगायला लागले. बैलबंडीत माल मागं भरला तर बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढं भरला तर बैलांचे खांदे सोलून निघतात. शहाणा माणूस भार मधे ठेवतो, गाडीचंही तसंच. विलायतेत अशा गाड्या श्रीमंतांकडं असतात, आपण भंगारातून करू, आपल्या ऐपतीत. मी विचारलं, करून जायचं कुठं? तर म्हणाले, राजूरच्या घाटात. त्या घाटाच्या वळणांवर मी बंडीतूनसुद्धा खाली उतरून चालायची.

भंगार आलं तेही त्याच घाटातलं. कुण्या डॉक्टरांची परदेशी गाडी होती, इंजिन पार शेपटीला असलेली. वळणावर गर्रकन फिरून खाली गेली आणि डॉक्टर गेले. तो चेपलेला सांगाडा बंडीवर लादून शेडमध्ये आणला तेव्हा बायका तोंडाला पदर लावून बघत उभ्या राहिल्या. हे मात्र खूश. शेपटीला जड होती म्हणून फिरली, मी भार मधे आणला की फिरणारच नाही, हे यांचं पालुपद. जसा काही डॉक्टरांना आता त्याचा उपयोग होणार होता!

दुसऱ्या दिवशी मी त्या गाडीची सीट झाडत होते तर खाचेतून हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. म्हणजे शेजारी बाई बसली होती. ती वाचली की नाही ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी तो तुकडा पदरात बांधून सासूबाईंना नेऊन दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग शेडच्या दाराशी गेल्या आणि लेकाला एवढंच म्हणाल्या, "शांती केल्याबिगर हिचं चाक इंजिनानं फिरवायचं नाही. पयले पूजा, मंग चाक."

यांनी मान डोलावली. आईचा शब्द हे कधी मोडत नसत. आणि आमच्याकडं नव्या पंपाचंही तसंच असायचं, नारळ फोडल्याशिवाय पाणी उपसत नसत.

ते वर्ष मी कसं काढलं माझं मला माहीत. नळाचे पाइप वाकवून सांगाडा झाला, तेलाच्या पिंपांचा पत्रा ठोकून अंग झालं. पेट्रोलची टाकी पुढं, बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर. पाठीशी तापणारं इंजिन, मांडीवर पेट्रोल, आणि मधे माझा नवरा. मी भांडले, अबोला धरला, एकदा तर म्हटलं की मला विधवा करायची एवढी हौस असेल तर आधीच सांगा, माहेरी निरोप धाडते. हे हसले. म्हणाले, तू तर बेडकालाही भितेस. हा माणूस कशालाच भ्यायचा नाही, साप काठीवर उचलून मळ्याच्या धुऱ्यापलीकडं ठेवून यायचा. मी देवाला रोज हात जोडून सांगायची की बाबा रे, बाकी काही नको, याला थोडी भीती दे.

पूजेचा दिवस उजाडला. सकाळीच चार माणसांनी गाडी ढकलत शेडबाहेर आणली. तांबडी रंगवलेली, माझ्या कमरेएवढी सुद्धा नाही. तोंड रस्त्याकडं, आणि मागं थोड्याच अंतरावर विहीर. विहिरीला कठडा नव्हता. काठावर जुनं दगडी थारोळं तेवढं होतं, जिथं पूर्वी मोट रिकामी व्हायची. चाकांखाली लिंबं ठेवली. मी औक्षणाचं ताट घेऊन गाडीच्या पुढं उभी होते, आणि खरं सांगते, माझं सगळं लक्ष बाजूच्या तुरीकडं होतं. गाडी अंगावर आली तर कुठं उडी मारायची ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, पहिल्यांदा कुमारिका बसली पाहिजे. माझी लेक तेव्हा चार वर्षांची. नवं परकर-पोलकं घालून मिरवत होती. त्यांनी तिला उचललं आणि आत बसलेल्या यांच्या शेजारी बसवलं सुद्धा. पण गाव जमलेलं, सासूचा शब्द, मंगल काम. मी वाकून यांना फक्त "हळू" म्हणाले. यांनी लेकीच्या गालाला हात लावला आणि इंजिन सुरू केलं.

गेअर पडला. गाडीनं हिसका दिला आणि ती माझ्यापासून लांब जायला लागली. मला क्षणभर कळेचना. मी पुढून येणाऱ्या गाडीला भीत होते, आणि ती मागं चालली होती, विहिरीकडं. यांनाही कळलं नाही. इंजिन धापा टाकायला लागलं की थ्रॉटल वाढवायचा, ही यांची आयुष्यभराची सवय. गाडी पुढं जाईना म्हणून यांनी आणखी दाबलं. लेक माझ्याकडं बघून हात हलवत होती.

मी ताट फेकलं आणि धावले. मागची चाकं काठावरून सुटली, गाडीचं पोट थारोळ्याच्या दगडावर घासून अडकलं, इंजिन बंद पडलं. मागचा भाग विहिरीवर, पुढचा जमिनीवर, आणि मधे दगड. बंडी उलाळ व्हायला लागली की आमच्याकडं बाईमाणूससुद्धा धावून जूवर लोंबकळतं. मी तशीच त्या गाडीच्या नाकाडावर पालथी पडले, पत्र्याला नखं रोवून. टाकीतलं पेट्रोल माझ्या पोटाखाली डुचमळत होतं. मग माणसं धावली, नाकाडावर बसली, आणि कुणीतरी लेकीला ओढून काढलं. हे शेवटी उतरले.

चूक काय झाली ते संध्याकाळपर्यंत यांनीच शोधलं. शेपटीचं इंजिन मधे आणायचं म्हणून यांनी गेअरपेटीसकट सगळं उलट्या तोंडानं फिरवून बसवलं होतं. त्यामुळे चाकंही उलटी फिरणार, हे ध्यानातच आलं नाही. पंपाच्या कामात इंजिन उलटं फिरलं तर पट्ट्याला पीळ देऊन टाकायचा, की पंप सुलटा. दिशेची काळजी या लोकांनी कधी आधी केलीच नाही. आणि गाडीला पट्टा कुठला? एकदा चाक फिरवून पाहिलं असतं तरी कळलं असतं, पण पूजेआधी फिरवायचं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला कबूल करावी लागते. इंजिन शेपटीला असतं तर गाडी उलाळ होऊन सरळ विहिरीत गेली असती. भार मधे होता म्हणून ती दगडावर तोलून राहिली. यांचं वर्षभराचं म्हणणं खरं निघालं होतं, पण हे स्वतः ते एकदाही म्हणाले नाहीत. तेव्हाच मी ओळखलं की हे घाबरलेत.

देवानं माझं ऐकलं होतं, पण मापात ऐकलं नाही. हा माणूस पंप सुरू करतानाही मागं वळून बघायला लागला. लेकीला मळ्यात येऊ देईना. जेवताना हात थांबायचा. चाकं सुलटी फिरावीत म्हणून गेअरपेटी उघडून आतलं मोठं दातेरी चक्र पलीकडच्या बाजूला बसवलं, ठोकळ्यांवर गाडी चढवून चाकं पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली, तरी गाडी शेडमध्येच. मला तर आनंद व्हायला हवा होता. मला राग येत होता. माझा नवरा कुणीतरी नेला आणि त्याच्या जागी दुसरा आणून बसवला, असं वाटायचं.

एका दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर हे गाडीत बसलेले. इंजिन चालू, क्लच दाबलेला, आणि पाय तसाच रोवलेला. सोडवत नव्हता. मी भाकरी ठेवली आणि शेजारी जाऊन बसले. इतकं खाली की बूड जमिनीला लागेल असं वाटलं.

"तू काऊन बसली?"

"सोडा पाय. मांगं मी पाह्यतो," मी म्हणाले.

यांनी पाय सोडला. गाडी पुढं गेली. शेड, विहीर, थारोळं मागं मागं जाताना मला दिसत होतं. फाट्यावर आलो. एक रस्ता मोताळ्याला, दुसरा घाटाकडं. यांनी माझ्याकडं पाहिलं. पाठीला इंजिन भाजत होतं आणि पदर मुठीत ओला झाला होता. मला त्या बांगडीवालीची आठवण झाली, तीही अशीच शेजारी बसली असेल.

मी म्हणाले, घाटानं चला.

घाटभर मी मागंच पाहत बसले होते. पुढचा रस्ता कसा होता ते मला विचारू नका.