आबांचं बद्धकोष्ठ

मुळशीत नर्स म्हणून गावोगाव फिरताना बद्धकोष्ठाच्या पेशंटला मी चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने विचारायचे: खाणं काय, पाणी किती, औषधं कोणती, आणि जाता कुठे. गरोदर बाई बहुधा लोहाच्या गोळ्यांनी अडलेली असायची, म्हातारा खोकल्याच्या औषधाने, शाळेतलं पोर मास्तरांच्या धाकाने. सगळ्यांना एरंडेल पाजून भागत नसे.

भुकूमकडच्या एका वाडीतली नवी सून शेवटचा प्रश्न टाळत होती. शौचाला रक्त पडत होतं. त्या भीतीने तिने जेवण निम्म्यावर आणलं होतं. खोदून विचारल्यावर म्हणाली, "अंधार पडला की रस्त्याकडंला जातो आमी. गाडीचा उजेड आला की उभं ऱ्हायचं. बसलं की पुन्हा गाडी. मग तसंच घरी."

"आणि दिवसा लागली तर?"

"दाबायची. म्हनून पानीच पीत न्हाई."

तिचे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, ओसरीवर चार माणसांत पान लावत बसले होते. मी सरळ सांगितलं, परसात संडास बांधा, नाहीतर माझी औषधं फुकट.

"घरात खायचं आन घरातच हागायचं?" आबा म्हणाले. "माझ्या आईनं कुटं संडास बघितला व्हता? नर्सबाई, तुमी गोळ्या द्या. गवंडीकाम आमी बघू."

माणसं हसली. दाराआड उभ्या सुनेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. हे विसरायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

भातकापणीच्या दिवसांत आबा भरल्या गाडीवरून पडले. मांडीपासून प्लास्टर. खाट घरातच, खाटेखाली भांडं, आडोशाला जुनं लुगडं. पोट अडलं तसा मला निरोप आला.

मी पोट तपासलं. उलटी नव्हती, वारा सरत होता. धोका काही नव्हता. एनिमाचं सामान बरोबर होतं, पण पिशवी बंदच ठेवली. समाचाराला आलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात प्रश्न सुरू केले.

"पाणी किती पिता?"

"न्हाईच पीत. प्यालं की भांडं मागावं लागतं."

"लागली की काय करता?"

"दाबतो."

"का?"

"मानसं असत्यात की, बाई! सारखं कोन येतंय, जातंय. मानसानं बसावं कसं?"

"आईला विचारून ठेवायचं होतं, आबा."

पुन्हा हशा पिकला. आबांनी भिंतीकडे तोंड केलं. "एनिमा द्या. पाया पडतो."

"देते. गवंड्याला बोलावणं जाऊ दे."

त्यांनी धाकट्या भावाला पिटाळलं. तो रस्त्याला लागलेला दिसल्यावरच मी पाणी कोमट करायला सांगितलं. हे नियमात बसत नव्हतं. मला त्याची खंत नाही.

संडास झाला. सून पोटभर जेवू लागली, पाणी पिऊ लागली, रक्त थांबलं. पुढच्या एका फेरीत पाहिलं तर आबा काठी टेकून परसात उभे, हातात टमरेल, समोर दार बंद.

"सूनबाई हाय आत," ते कळवळून म्हणाले. "लई येळ झाला. हाक मारा की तिला."

"लागेल तेवढा वेळ लागू दे," मी म्हणाले, आणि बाज ओढून त्यांच्यासमोर ऐसपैस बसले.