पिवळा जाईपर्यंत

माझा थोरला भाऊ दगड घासायचा. मी असं सांगितलं की लोकांना वाटतं, फरश्या घासत असेल. दादा भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होता. दगडाची चकती कापायची, काचपट्टीवर चिकटवायची आणि फिरत्या तबकडीवर भुकटी-पाणी घालून ती केसाच्या निम्म्याहून पातळ करायची, म्हणजे तिच्यातून उजेड आरपार जातो. संशोधक मग ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तिथं सगळे त्याला घासूशेठ म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. लग्न त्याने केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले.

पट्टी किती घासायची हे तो डोळ्यांनी ठरवी. दगडात गारेचे, म्हणजे गारगोटीचे, कण असतात. पट्टी जाड असली तर सूक्ष्मदर्शकात ते पिवळे दिसतात, आणि नेमकी झाली की पांढुरके, करडे. "पिवळा गेला की हात उचलायचा," तो म्हणे. "त्यापुढे घासलं तर दगड पाण्याबरोबर मोरीत."

चार वर्षांपूर्वी तिथं एक मुलगी तांब्यावरच्या संशोधनाला आली. जमिनीखाली, लाल वाळूचा खडक आणि त्यावरचा काळ्या चिखलाचा खडक जिथे भेटतात, तिथे तांबं सापडतं. खारं पाणी लाल खडकातून तांबं घेऊन येतं आणि काळ्याला लागलं की ते तिथंच सोडतं, एवढं सगळ्यांना मान्य. भांडण पुढचं. चिखल ओला होता तेव्हाच तांबं आलं, की त्याचा दगड झाल्यावर, भेगांतून? ओल्यात आलं असेल तर चिखलभर धुळीसारखे बारीक दाणे दिसायला हवेत. नंतर आलं असेल तर फक्त भेगांत, मोठे.

ती कधी सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायची. "काका, खरं सांगा, आधी आलं की नंतर?"

"मला काय विचारतेस? मी तेव्हा रजेवर होतो."

तिचा दगड एकाच बोअरचा होता, आणि ती खाण पाण्याखाली गेलेली. अर्धा दगड रासायनिक तपासणीसाठी कुटला. त्यातून तांबं किती ते कळतं, कुठं बसलं होतं ते कळत नाही. उरलेला अर्धा दादाकडे आला. त्याच्या दोनशे बारा पट्ट्या त्याने दोन वर्षांत केल्या.

त्याच दोन वर्षांत तो माझ्यामागे लागला होता. "ठमे, चादरी पिवळ्या पडल्यात. धुतेस की नुसत्या भिजवतेस?" मी नीळ घालायची. तो पुन्हा म्हणायचा, मी पुन्हा घालायची. शेजारीण म्हणाली, तुमच्या दोरीवर आभाळ वाळत घातलंय. काविळीच्या डोळ्यांना जग पिवळं दिसतं हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, म्हातारपणी माणूस किरकिरा होतो.

मुलीच्या पट्ट्यांत बारीक दाणे कुठंच नव्हते. घासूशेठची पट्टी म्हटल्यावर तिची जाडी कुणी पुन्हा तपासत नसे. तांबं नंतर आलं, असा प्रबंध तिने लिहून दिला. त्यावर तिला बाहेर नोकरीही कबूल झाली.

पुढे कचेरीतल्या तपासणीत दादाचे दोन्ही मोतीबिंदू निघाले. पिकलेले, मधाच्या रंगाचे. शस्त्रक्रिया झाल्या. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटल्यावर तो घरी आला, पलंगावर बसला आणि म्हणाला, "अगं, चादरी निळ्या कशाने झाल्या?"

मी हसले. तो हसला नाही. चादरीची कड उचलून त्याने उजेडात धरली. "दोन वर्षं मी पिवळा घालवत बसलो होतो," तो म्हणाला. "तो दगडात नव्हताच."

कामावर रुजू झाला त्या दिवशी त्याने दोनशे बारा पट्ट्या एकेक करून पाहिल्या. जास्त घासल्याने गारेचे कण पार काळवंडले होते, आणि चिखलाच्या थरात जागोजाग बारीक खड्डे. सुटून गेलेल्या दाण्यांच्या जागा. ते तांब्याचे होते की आणखी कशाचे, हे सांगायला दगड उरला नव्हता.

तो आधी मुलीच्या मार्गदर्शक सरांकडे गेला. सर म्हणाले, "खड्डा म्हणजे पुरावा नव्हे. निवृत्तीला तुमची दोन वर्षं राहिलीत, तिची सगळी राहिलीत. गप्प बसा."

त्या संध्याकाळी दादा जेवला नाही. "तू काय म्हणतेस?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "मला दगडातलं कळत नाही. पण तू मला विचारतोयस म्हणजे तुझं ठरलंय." मी देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय ते सुचलं नाही. मुलीचं भलं मागावं तर दादाने गप्प राहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला पट्ट्या दाखवल्या. तिने एक बघितली, दहा बघितल्या, मग उरलेल्या बघितल्याच नाहीत. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं दादा म्हणाला. आठवड्याने तिने प्रबंध मागे घेतला. सरांनी मुदत वाढवून दिली नाही, आणि नोकरीवाल्यांनीही थांबायचं नाकारलं.

जायच्या आधी ती घरी आली. चहा घेतला नाही, दारातच उभी राहिली.

"काका, त्या खड्ड्यांत काय होतं असं तुम्हाला वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग, बाळा? मी ते धुऊन टाकलं."

"तरी."

"तांबं होतं," तो म्हणाला. "माझ्या मोरीतला गाळ दोन वर्षं हिरवट येत होता. मला वाटलं, पितळी तबकडीचा गंज."

"गाळ कुठाय?"

"दर शनिवारी फेकला."

तिने मान डोलवली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

दादाचे डोळे आता उत्तम आहेत. सुईत दोरा तोच ओवून देतो. प्रयोगशाळेत मात्र त्याने नमुन्यांच्या कोठारात बदली मागून घेतली, आणि तिथं तो खोक्यांवर नंबर घालतो. तबकडीवर नवा माणूस आहे. तो जाडी यंत्राने मोजतो.