तबकडीला हळदकुंकू

चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये कांड्या भरायला बसले. धोट्यात घालायचं सूत कांडीवर गुंडाळायचं, एवढंच काम. ते चाळीस वर्षं केलं. शेजारी सोळा माग चालायचे. त्या खडखडाटात मी जेवले, भांडले, पोराला पाजलं. त्याच पोराने २००३ साली मला अमेरिकेत वेस्ट विंडसरला आणलं, आणि शांततेचाही त्रास होतो हे मला पहिल्यांदा कळलं. मुलगा सकाळच्या गाडीने ऑफिसला, सून लॅबमध्ये, नात शाळेत. दिवसभर घरात बोलणारा एकटा फ्रिज.

एका शनिवारी वरून, नातीच्या खोलीतून आवाज आला. बारीक ठकठक आणि तिच्या तळाशी जाड घरघर. मी पोळ्या लाटत होते. लाटणं आपोआप त्या ठेक्यात फिरायला लागलं.

सून म्हणाली, "आई, त्रास होतोय ना? कमी करायला सांगते तिला."

"वाढवायला सांग," मी म्हटलं.

नात तोंड पाडून खाली आली होती, तिला वाटलं ओरडा बसणार. मी विचारलं, "कोण वाजवतं हे?"

"दोघं आहेत आजी. ओन्ली मशीन्स. गात कोणीच नाही."

"बरं आहे. गाणारे मधेच नाक खुपसतात."

ती एवढी हसली की पायरीवरच बसली. त्या दिवसापासून तिचा सीडी प्लेअर शाळेच्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहायला लागला. कुठलं बटण दाबायचं ते तिने शिकवलं. आतल्या तबकडीवर नऊ तुकडे होते. पहिल्यात सकाळी दोनच माग सुरू झाल्यासारखं वाटायचं, तिसऱ्यात सगळी शेड चालू. मुलगा म्हणायचा, "आई, हे गाणं तरी आहे का?" मी म्हणायचे, "लहानपणी याच आवाजात झोपायचास तू."

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी माग पुसून त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात. चालणाऱ्या यंत्राला त्या दिवशी कोणी विसरत नाही. माझ्या घरात मागासारखं चालणारं यंत्र एकच होतं. मी प्लेअर पुसला, आतली तबकडी काढली. तिच्या एका बाजूवर कोणीतरी काळ्या शाईने खरडलं होतं. ती मागची बाजू, असं मी धरलं. दुसरी बाजू आरशासारखी चकचकीत, म्हणजे ती दर्शनी. तिच्यावर ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, तबकडी आत ठेवली आणि बटण दाबलं. आतून करकर आली आणि बंद.

संध्याकाळी नातीने तबकडी बाहेर काढली. "आजी, व्हॉट डिड यू डू?"

"पूजा."

मुलगा म्हणाला, "रडतेस काय, नवीन आणू."

"नवीन नको! यावर त्यांची सही आहे!"

ते खरडलेलं म्हणजे त्या दोघांच्या सह्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर तासभर रांगेत उभं राहून तिने त्या घेतल्या होत्या. ती सगळं घेऊन वर गेली आणि दार लावलं. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. सून म्हणाली, "आई, लहान आहे, विसरेल." मी म्हटलं, "का विसरावं? नुकसान मी केलंय."

पाचव्या दिवशी मी वर जाऊन दार वाजवलं. "चूक माझी आहे. तबकडी दे, साफ करते." तिने दिली, पण शेजारी उभी राहिली, नजर काढली नाही. माझ्या जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब. मुलाने कम्प्युटरवर वाचून सांगितलं होतं, गोल पुसायचं नाही, मधून कडेला सरळ पुसायचं. तसंच पुसलं. प्लेअरमधलं भिंग त्याने कापसाने साफ केलं.

लावलं. पहिला तुकडा नीट, तिसरा नीट. नात उड्या मारायला लागली. मी म्हटलं, "थांब, पूर्ण ऐकू दे." नऊच्या नऊ तुकडे डोळे मिटून ऐकले.

"सातव्यात एक ठोका चुकतोय. तांदूळ घासला असणार तिथे."

"मला नाही ऐकू आलं."

"मला आलं."

तिने सातवा परत लावला. परत लावला. तिसऱ्यांदा तिला सापडलं. मला वाटलं, आता पुन्हा दार लावून घेईल. ती म्हणाली, "तू सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं."

"माहीत आहे. म्हणून सांगितलं."

सोमवारी प्लेअर ओट्यावर होता, तबकडी आत. सातव्या तुकड्यात तो ठोका आला की माझं लाटणं तेवढं थांबायचं.

पुढच्या खंडेनवमीला मी हळदकुंकवाचं ताट घेऊन गेले, तर नातीने आधी तबकडी काढून घेतली, डबीत बंद केली आणि प्लेअरचं झाकण पुढे केलं.

"इथे लाव. आणि थोडंच."

मी थोडंच लावलं.