वरच्या सुरावरची फुस्स

सकाळी सासूबाई मटार सोलत होत्या आणि मी आतल्या खोलीत आयरिश फ्लूट वाजवत होते. ही लाकडी, आडवी बासरी माझ्या नवऱ्याने, श्रीधरने, स्वेच्छानिवृत्तीनंतर हौसेने मागवली होती. खंडेनवमीला त्याने ती विळी-कात्रीशेजारी पूजेलाही मांडली. शिकणं मात्र एका धुनेपुढे गेलं नाही. मागच्या थंडीत तो गेला.

बासरी नुसती पडून राहून खराब होईल म्हणून मी ती हातात घेतली. पन्नाशीत एखादी गोष्ट अजिबात न येण्यात एवढी मजा असते, हे मला ठाऊक नव्हतं. ऑफिसात मला चुकून चालत नाही. इथे खुशाल चुकते. वरच्या सुरावर माझा श्वास निसटतो आणि नुसती फुस्स येते. मग सासूबाई बाहेरून ओरडतात, "फुटला गं फुगा! श्रीचापण इथंच फुटायचा." आणि आम्ही दोघी हसतो.

आज तो सूर स्वच्छ लागला. मी खूश होऊन बाहेर डोकावले. त्यांच्या हातातली शेंग अर्धवट उघडलेली होती.

"आला ना, आई?"

"आला की," त्या म्हणाल्या. "श्रीला नाही आला कधी."

मी आत गेले. पुन्हा त्याच सुरापाशी आले तेव्हा ओठ मुद्दाम सैल सोडले. फुस्स आली, पण ती खोटी आहे हे त्यांना कळलं असावं. बाहेरून फक्त ताटलीत मटार पडल्याचा आवाज येत राहिला.