मेला की मेलं

शेवटच्या ओळीचं काय करायचं ते शनिवारपर्यंत कळवा, असा निरोप प्रकाशनातल्या मुलीनं पाठवला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून ओट्याशी उभी होते. निरोप वाचता वाचता हात आपोआप गॅसच्या बटणाकडे गेला. दूध उतू गेलं नाही. या वर्षात अशी बरीच कामं शरीरानं आपली आपण केली आहेत. त्याचेही आभार मानायला हवेत.

पुस्तक माझ्या नवऱ्याचं. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आधी बरीच वर्षं म्हसवडजवळच्या एका वस्तीवर, मग सांगलीच्या आसपास. मुलांसाठी त्यांनी एकच कादंबरी लिहिली. माळावरच्या एका गावातलं पाणी नाहीसं होतं. डोंगराच्या पोटात एक म्हातारं कासव आहे आणि त्याच्या पाठीवर नदी झोपली आहे. तिला उठवून आणायला एक गाढव, एक कोंबडी आणि एक सरडा निघतात. गाढव फार बोलत नाही. सरडा रंगाबरोबर मतही बदलतो. कोंबडी पहिल्या पानापासून सगळ्यांना शिव्या घालत चालते. शेवटी नदी जागी होते. पण ती बाहेर पडेपर्यंत गुहेच्या तोंडावरचा दगड कुणीतरी पाठीवर तोलून धरायला हवा. तो दगड गाढव धरतं. पाणी गावात पोचतं, सरडा पोचतो, कोंबडी पोचते. मग कोंबडी वेशीवरच्या दगडावर चढून डोंगराकडे बघत बसते आणि म्हणते,

"मेला कुठला."

पुढं पूर्णविराम. पुस्तक संपलं.

आता नवी आवृत्ती निघायची होती. मुलीनं निरोपासोबत इंटरनेटवर आलेले वाचकांचे अभिप्राय पाठवले होते. मी चष्मा लावून ते एकेक वाचले. एका वडिलांना भाषा गावंढळ वाटली होती. एका आईनं लिहिलं होतं की मुलगी दोन दिवस जेवताना गाढवाचंच विचारते आहे, आणि आपल्याला उत्तर देता येत नाही. कुणी म्हणत होतं, मुलांच्या पुस्तकात 'मेला' ही शिवी कशाला? कुणी म्हणत होतं, शिवी कुठं आहे, गाढव मेल्याचं सांगितलंय, आणि ते तरी कशाला? एकानं पाचपैकी पाच तारे देऊन लिहिलं होतं, "पार्सल वेळेत मिळालं. पुठ्ठा मजबूत." हे वाचून ते खूश झाले असते. पुठ्ठ्यासाठी त्यांनी छापखान्यात चार चकरा मारल्या होत्या.

मी तिला फोन केला.

"काकू, मला स्वतःला काही बदलायचं नाहीये हो," ती म्हणाली. "मी लहानपणी वाचलंय ते. पण लोक विचारतात, गाढव मेलं की आहे? आमच्या सरांचं म्हणणं आहे, एकच वाक्य घालू या. 'तेवढ्यात डोंगरावर दोन लांब कान दिसले.' म्हणजे प्रश्नच मिटला."

"आणि नाही घातलं तर?"

"तर निदान व्याकरण तरी. गाढव नपुंसकलिंगी ना? पुस्तकभर 'ते' आहे. मग शेवटी 'मेलं' पाहिजे."

"ते मीसुद्धा म्हटलं होतं," मी म्हणाले.

खरंच म्हटलं होतं. पहिल्या आवृत्तीची प्रुफं मीच वाचली. मी मराठी घेऊन शिकलेली. ऱ्हस्वदीर्घ चुकलं की मला खडा लागल्यासारखं होतं. पुस्तकभर लाल पेनानं मी वेलांट्या आणि उकार दुरुस्त केले. त्यांनी निमूटपणे सगळे मान्य केले. शेवटच्या पानावर मी 'मेला कुठला' खोडून 'मेलं कुठलं' केलं होतं. तेवढी एक दुरुस्ती त्यांनी परत खोडली, 'मेला' कायम ठेवलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, "आईला विचार."

सासूबाई आधी बरीच वर्षं आमच्याजवळ होत्या, पण तेव्हा कवठे महांकाळला राहायच्या. दिवाळीत जाऊ तेव्हा विचारू, असं मी ठरवलं आणि विसरले. नंतरच्या दिवाळीतही विसरले. मग सासूबाई गेल्या. आणि मागच्या वर्षी ते गेले. ते गेल्यापासून मी पुस्तक उघडलं होतं, पण शेवटच्या पानापर्यंत जात नव्हते. गाढव डोंगरात शिरलं की मी पुस्तक मिटत असे. आणि आता ते मेलं की नाही, हे मलाच सांगायचं होतं. छापून येणार होतं. त्यांच्या नावाखाली.

दुसऱ्या दिवशी मी माधवनगरच्या वाचनालयात गेले. जायचं कारण असं की, त्या वाचनालयाला दिलेल्या प्रतीत त्यांनी शेवटी एक आखीव कागद चिकटवला होता. वर लिहिलं होतं, "वाचून झाल्यावर इथं लिहा. मोठ्यांनी लिहू नये." मोठ्यांनी लिहिलं की मुलं तसंच लिहितात, असं त्यांचं म्हणणं. ग्रंथपाल त्यांच्या ओळखीतले, वयस्कर. त्यांनी काही न विचारता कपाट उघडलं आणि खुर्ची खिडकीजवळ सरकवून दिली.

कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. पहिला अभिप्राय असा होता: "मला घरी गाढव म्हणतात. आता मला राग येत नाही." त्याखाली: "कासवाच्या पाठीवर नदी नसते. पण वाचताना होती." एकीनं लिहिलं होतं, "सरडा माझ्या मामासारखा आहे. मामाला सांगू नये." आणि अगदी खाली, कोपऱ्यात, "गाढव मेलं. मी रडलो नाही." शेजारी दुसऱ्याच अक्षरात: "रडलास. मी बघितलं."

मी हे वाचलं आणि पदर डोळ्याला लावला. ग्रंथपालांनी कपाटातली पुस्तकं सरळ केली. मग म्हणाले, "वैनी, हे काहीच नाही. म्हसवडकडच्या शाळेतली प्रत बघा. तिथं पुरवण्या जोडाव्या लागल्या, असं सर सांगायचे."

मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी तेव्हा काहीतरी वाचत असेन.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं निघाले. विट्याला गाडी बदलली. वस्तीवरची ती शाळा दोन खोल्यांची, पुढं कडुलिंब. आता तिथं असलेले सर तरुण आहेत; यांच्या तिथल्या शेवटच्या दोन वर्षांत ते नवीन लागले होते. त्यांनी मला वर्गातच नेलं.

"ह्या कोण आहेत, ओळखा बरं," ते मुलांना म्हणाले. "आपल्या गाढवाच्या पुस्तकाच्या..."

"गाढववाल्या सरांच्या बाई!" मागून एकजण ओरडला.

सरांचा चेहरा उतरला. "ए, असं म्हणतात का?" मी मात्र हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळं आवाज जरा मोठा निघाला आणि मुलंही हसायला लागली. त्यांच्यापैकी कुणी यांना पाहिलेलंही नव्हतं. तरी ते नाव त्या वर्गात अजून चालू होतं.

पुस्तकाची पाठ सुटली होती, ती कुणीतरी सुईदोऱ्यानं शिवली होती. शेवटी परीक्षेत लावतात तशा पुरवण्या, एकावर एक, दोरीनं बांधलेल्या. त्या घरी न्यायला मागाव्यात असं मनात येऊन गेलं, पण मागितल्या नाहीत. मी मुलांनाच विचारलं, "गाढव मेलं का रे?"

"मेलं!"

"न्हाई मेलं!"

"दगड केवढा व्हता. चपटं झालं असंल," पहिल्या रांगेतला एकजण म्हणाला. त्यानं हाताचे तळवे एकमेकांवर दाबून दाखवले.

"गप रं," लाल रिबिनीच्या दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. "बाई, कोंबडी काय म्हनली? मेला म्हनली. गाढव मेलं असतं तर मेलं म्हनली असती की."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "मग मेला म्हणजे काय?"

"आवं, ती शिवी हाय. माझी आजी मला रोज मेली म्हनती. मी मेले का?"

"तू मेली असतीस तर जागा तरी झाली असती," शेजारची म्हणाली. ती बिचारी बेंचच्या टोकावर अर्धीच बसली होती.

"आन् मेलेल्या मानसाला कोन शिव्या देतंय?" मुलगी आता थांबायला तयार नव्हती. "आमचा आजा हुता तवा आजी त्याला रोज मेला म्हनायची. तो वारला तवापासनं म्हनती, लय चांगला व्हता. एक शिवी देत न्हाई."

"मग आलं का गाढव घरी?" चपटं करणारा मुलगा म्हणाला. "आलं आसं कुठं लिवलंय?"

"न्हाईच आलं अजून. म्हनून तर शिव्या देती ती."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुरवण्यांतला शेवटचा कोरा कागद काढला आणि विचारलं, "मी लिहू का यात?"

"मोठ्यांनी लिहू नये!" सगळा वर्ग एका सुरात.

"सांगा, मी लिवते," मुलगी म्हणाली आणि पेन घेऊन माझ्याजवळ आली.

"लिही. मी हे पुस्तक खूप वर्षांपूर्वी वाचलं. तेव्हा चुका शोधत वाचलं. आता परत वाचणार आहे."

तिनं लिहिलं आणि मान वर केली. "एवढंच? गाढवाचं काय तरी सांगा की."

"गाढव मला आवडायचं."

"आवडायचं का आवडतं?"

"आवडतं," मी म्हणाले.

"का?"

"फार बोलत नाही म्हणून."

तिनं 'बोलत नाहि' असं लिहिलं. हि ऱ्हस्व. माझ्या पर्समध्ये लाल पेन होतं, आजही असतं. मी ते काढलं नाही.

परतीच्या गाडीत मला सासूबाई आठवल्या. त्यांचे भाऊ फौजेत होते. पत्राला उशीर झाला की त्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणायच्या, "मेला कुठला, चार ओळी टाकायला काय हुतंय?" हे संध्याकाळी शाळेतून वेळेवर आले नाहीत की यांच्यासाठीही तेच. सायकल दिसली की गप्प. पुढं ते मामा आजारपणात गेले. त्यानंतर सासूबाईंच्या तोंडी त्यांच्यासाठी कायम 'दादा' आलं. मी त्या घरात इतकी वर्षं हे दोन्ही शब्द ऐकले होते, आणि मला कधी काही विचारावंसं वाटलं नव्हतं. मी लाल पेन घेऊन त्यांच्या मुलाची वेलांटी दुरुस्त करत होते. आईला विचार, असं त्यांनी लिहिलं ते थट्टेनं असेल, असंच मी धरून चालले. आईला नाही विचारलं, पण उत्तर मिळालं. त्या मुलीच्या आजीचे आणि मुलीचे उपकार मी कसे फेडणार, मला माहीत नाही. निदान नव्या आवृत्तीचा एक गठ्ठा त्या शाळेला पाठवीन.

यांच्याबद्दल मी आजवर 'मेला' म्हटलेलं नाही. आमच्यात तसं बोलणं नव्हतं. ते उशिरा आले तर मी पुस्तक वाचत बसायची आणि ते आले की वर न बघता "चहा ठेवू का?" विचारायची. तेही "ठेव" म्हणायचे. आता वाटतं, एखाद्या दिवशी दारात उभं राहून दोन शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि चहा नेहमी पूर्ण प्यायला.

विट्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली नव्हती. बाकावर बसून मी फोन काढला आणि प्रकाशनातल्या मुलीला निरोप लिहिला. शेवट आहे तसा ठेवा. कान नकोत, 'मेलं' नको, उद्गारचिन्हसुद्धा नको. व्याकरणाबद्दल कुणी विचारलं तर सांगा, प्रुफं मी तपासली आहेत. शिवाय शेवटी दोन आखीव कोरी पानं द्या, आणि वर 'मोठ्यांनी लिहू नये' ही ओळ छापा.

तिचं उत्तर लगेच आलं. "चालेल काकू. पण त्या आईनं विचारलंय, मुलीला काय सांगू? त्यांना काय उत्तर देऊ?"

शेजारी एक बाई भाजीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. ती सारखी उठून फाटकाकडं बघून येत होती.

"किती वाजलं वं?" तिनं मला विचारलं. मी वेळ सांगितली.

"मेली कुठली," ती म्हणाली, "अजून पत्ता न्हाई."

"येईल," मी म्हणाले.

"येतीया वं. येणार न्हाई तर जाती कुठं?" ती परत जाऊन फाटकाशी उभी राहिली.

मी प्रकाशनातल्या मुलीला लिहिलं, "त्या आईंना म्हणावं, कोंबडी अजून वाट बघते आहे, एवढं सांगा. पुढचं मुलगी सांगेल." पाठवून फोन पर्समध्ये ठेवला आणि पिशवीतून माझी घरची प्रत काढली. गाडी येईपर्यंत शेवटचं पान वाचून होणार होतं.