चाल कोचची, शिक्षा पोराची
अन्याय झाला तो आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्या पोरावर, गेल्या सीझनच्या फायनलमध्ये, अगदी शेवटच्या चालीला. तापलेल्या टर्फचा, त्या नकली गवताचा रबरी वास आला की माझं डोकं अजून फिरतं. दुबईच्या त्या मैदानावर समोरून रेतीचा वारा सुटला होता. पोरगा म्हणाला, "कोच, लांब पास नको, बॉल वाऱ्यात अडकेल. धावत नेऊ या." कोच बाहेरून ओरडला, "चाल मी ठरवतो. तू फक्त फेक, यल्ला, चल लवकर!" त्याने फेकला. बॉल वाऱ्यात अडकला, समोरच्या टीमने झेलला, फायनल खलास. कोचने पोराच्या आईबापांसमोरच त्याला जर्सी उतरवायला लावली. "चाल बरोबर होती, हबीबी. तुझे हात कुचकामी." त्याची आई पुटपुटली, "सर, निदान घरी जाऊन काढू दे." कोच हसला. पोरगा टीमबाहेर गेला, कोच मात्र तिथेच आहे आणि पालकहो, आता तुमची मुलं त्याच्या हाताखाली आहेत. उद्या मैदानावर जा आणि त्याला सगळ्यांदेखत त्या पोराची माफी मागायला लावा.